काकडा

दिवाळी जवळ आली, पहाटेची हवा जराशी बोचरी झाली, की आमच्या मिरजेला देवळात काकडआरती सुरू होई. अर्धवट झोपेत टाळांचा आवाज कानी येई आणि आजी अंथरुणातूनच हात जोडी. त्यामुळे 'काकडा' हा शब्द ऐकला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे देवाचा गाभारा आणि तेलातुपात भिजलेली जाड वात उभी राहत असेल. माझे मात्र तसे होत नाही. माझ्या डोळ्यांपुढे येतो तो स्वयंपाकघरातला काकडा. चिमट्यासारख्या वाकवलेल्या तारेच्या टोकांना चिंध्या गुंडाळलेला, स्पिरिटात बुडवलेला आणि पितळी स्टोव्हच्या मानेभोवती अडकवलेला.

ज्यांनी स्टोव्ह पेटवला आहे त्यांना मी काय म्हणतो ते लगेच समजेल. ज्यांनी गॅसखेरीज दुसरे काही पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. स्टोव्ह हे मोठे मानी यंत्र. काडी लावली आणि पेटला, असे त्याचे कधी होत नसे. आधी काकडा लावून त्याची मान तापवायची. मान तापली की टाकीतून वर चढणाऱ्या रॉकेलची आतल्या आत वाफ होई, मग चावी आवळून हवा भरायची, निपलातून वाफेची चिळकांडी उडे आणि फर्र असा आवाज करीत निळी ज्योत फुले. घाई केली, मान नीट तापण्याआधीच पंप मारला, तर वाफेऐवजी कच्चे रॉकेल बाहेर येई आणि पिवळ्याजर्द जाळाची जीभ हातभर वर उठे. मग चावी सोडा, पिन मारा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करा. एखाद्या रुसलेल्या जावयाचीही इतकी मनधरणी कुणी केली नसेल! हा स्टोव्ह स्वीडनमध्ये १८९२ साली लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने तयार केला. पण आमच्या आळीत कुणाला विचारले असते, तर तो पेशव्यांच्या वेळेपासून चालत आला असेच सगळ्यांनी सांगितले असते.

आमच्या घरी त्याची मनधरणी करण्याची हातोटी एकट्या आत्याला साधली होती. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, अण्णांची, थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत माहेरी परत आली ती कायमची. घरातले सगळे तिच्याकडे, आणि शिवाय पडवीतल्या शिवणाच्या यंत्रावर ती आळीतल्या बायकांची पोलकी आणि मुलींची परकर-पोलकी शिवी. त्याचे जे चार पैसे मिळत ते तिचे स्वतःचे. त्या पैशांतून दर दिवाळीला ती मला फुलबाज्यांची एक पेटी आणि ताईला बांगड्या घेई. घरात तिच्या नावाचे एवढेच होते : ते यंत्र, आणि कोनाड्यातली स्पिरिटची बाटली.

स्पिरिटला त्या वेळी फार भाव होता. दारूबंदीचे दिवस होते. १९४९ चा मुंबईचा कायदा लागू होता आणि मिरज तेव्हा मुंबई राज्यातच होती. कुणी पिऊ नये म्हणून स्पिरिटात विषारी आणि घाणेरड्या वासाचे पदार्थ मिसळलेले असत. तरी आत्या ती बाटली सोन्यासारखी जपे. रॉकेलचा काकडाही चाले. पण तो काजळी धरी आणि घरभर वास सुटे. स्पिरिट स्वच्छ जळे. त्याची ज्योत निळी, इतकी फिकी की संध्याकाळच्या अंधारात सुंदर दिसे आणि दिवसा उन्हात मुळीच दिसत नसे.

मुळीच दिसत नसे. हे तीन शब्द त्या वेळी मला कुणी सांगितले असते, तर मी हा लेख लिहायला बसलो नसतो.

१९५९ ची दिवाळी. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून सहा महिने होते आणि मला नववे वर्ष लागले होते. धनत्रयोदशीची दुपार. स्वयंपाकघरातल्या चुलीवर आईचे अनरसे चालले होते, म्हणून चकल्यांसाठी आत्याने स्टोव्ह मागच्या पडवीत मांडला होता. पडवीत लख्ख ऊन आले होते. तिने काकडा पेटवून स्टोव्हला लावला आणि सोऱ्या आणायला आत गेली. जाताना म्हणाली, "बाळ, जरा लक्ष ठेव रे. हात मात्र लावू नकोस."

मी लक्ष ठेवले. बघतो तो काकड्यावर काहीच दिसेना. मला वाटले, विझला. आत्याला मदत करावी असे मनात आले. मदत करायची हौस मुलांना नको तेव्हाच येते! बाटली तिथेच होती, निम्मी भरलेली. मी तिचे बूच काढले आणि काकड्यावर स्पिरिटची धार धरली.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनीच आठवते. भप्प असा आवाज झाला. बाटलीच्या तोंडातून जाळाचा लोळ निघाला. माझ्या हातून बाटली सुटली, फुटली आणि शहाबादी फरशीवर दिसेल न दिसेल अशी आग पसरली. तेवढ्यात कुणीतरी माझी बखोट धरून मला अंगणात भिरकावले. ती आत्या होती. मला ओढताना तिचा डावा हात त्या जाळातून गेला. नऊवारी लुगडे सुती होते आणि कासोटा घट्ट होता, म्हणून पदर पेटला नाही. तिने शेजारचे ओले पोते ओढून जाळावर टाकले. मग ती अंगणातल्या हौदाशी गेली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला आणि हौदाच्या काठावर कपाळ टेकून बसून राहिली. ओरडली नाही. मला आठवते ते हेच, की ती ओरडली नाही.

सगळे धावत आले. कुणी म्हणाले शाई लावा, कुणी म्हणाले खोबरेल लावा. आजीने विचारले, "काय झालं गं?"

आत्या मान वर न करता म्हणाली, "माझाच हात लागला बाटलीला. कलंडली."

आजी म्हणाली, "इतकी वर्षं स्टोव्ह पेटवतेस आणि अजून हा वेंधळेपणा! ऐन सणाच्या दिवशी अपशकुन!" अण्णा काही बोलले नाहीत. ते डॉक्टरांना बोलवायला गेले. आणि मी? मी तुळशीवृंदावनाच्या आड उभा होतो. मीही काही बोललो नाही.

आत्याचा हात बरा व्हायला दोन महिने लागले. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट आत वळली ती वळलीच. कापड सुईखाली सरळ सरकवायला डावा हात लागतो. तिचे शिवण मग कमी होत गेले. दोन वर्षांनी यंत्र विकले. फुलबाज्यांची पेटी मात्र ती दर दिवाळीला घेत राहिली. कुठल्या पैशांतून, ते मी कधी विचारले नाही.

मोठेपणी मी शास्त्राचा शिक्षक झालो यात नवल नाही. माणूस ज्या गोष्टीला भ्यालेला असतो तिच्याच मागे लागतो. छत्तीस वर्षे मी मुलांना रसायनशास्त्र शिकवले, आणि दरवर्षी आठवीच्या वर्गात स्पिरिटचा दिवा टेबलावर ठेवून पहिले वाक्य हेच सांगितले : "मुलांनो, द्रव जळत नाही. त्याची वाफ जळते." हे एकदा ध्यानात आले की निम्मे अपघात टळतात. स्पिरिट, पेट्रोल, रॉकेल, गोडे तेल ही सगळी दिसायला पातळच. पण प्रत्येकाचा स्वभाव निराळा, आणि तो स्वभाव ओळखायचा तो त्याची वाफ किती लवकर उठते यावरून.

पेट्रोल सर्वांत उतावळे. उणे चाळीस अंशांच्या थंडीतसुद्धा त्याच्यावर पेटण्याजोगी वाफ जमते. शिवाय ही वाफ हवेच्या तीन-चार पट जड. ती वर उडून जात नाही. चोरपावलांनी जमिनीवरून सरपटत जाते आणि दहा हातांवरच्या देवाच्या समईपाशी जाऊन पोहोचते. म्हणून बंद खोलीत पेट्रोलने डाग काढणे किंवा यंत्राचे भाग धुणे हा आगीला घरी बोलावण्याचाच प्रकार. स्पिरिट, म्हणजेच इथेनॉल, १३ अंशांच्या आसपास पेटण्याजोगे होते. आपल्याकडे इतकी थंडी वर्षातून किती दिवस पडते? म्हणजे ते जवळजवळ बाराही महिने तयारच असते. रॉकेल त्या मानाने पोक्त. कायदेशीर रॉकेल किमान ३५ अंशांपर्यंत ठिणगीला दाद देत नाही. आणि आपल्या पणतीतले गोडे तेल तर अगदी आजीसारखे. ते ३०० अंशांच्या आसपास तापल्याखेरीज त्याच्या वाफेला ठिणगीने धक्का लागत नाही. वातीने थेंबथेंब वर ओढून तापवले तरच ते जळते. म्हणूनच पणती कलंडली तर बहुधा विझते, आणि स्पिरिटचा दिवा कलंडला तर टेबल पेटते. दिवाळीला पणतीच लावायची असे ज्यांनी ठरवले त्यांना हे आकडे माहीत नव्हते, पण तेलाचा स्वभाव नक्कीच माहीत होता.

हे आकडे काढण्याची एक युक्ती आहे. बंद भांड्यात तेल हळूहळू तापवायचे, मधूनमधून झाकणाची खिडकी उघडून लहानशी ज्योत दाखवायची आणि कधी भपका होतो ते पाहायचे. फ्रेडरिक एबल या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाचे हे उपकरण. दिव्यांच्या रॉकेलात हलके, पेट्रोलसारखे तेल मिसळलेले असे आणि दिवे फुटून माणसे मरत. म्हणून इंग्लंडात १८७९ साली या कसोटीचा कायदा झाला. तिथे ७३ अंश फॅरनहाइटची मर्यादा ठरली. म्हणजे जवळजवळ २३ अंश सेल्सियस. आपल्या पेट्रोलियम कायद्यातही सर्वांत धोकादायक वर्ग २३ अंशांच्या खालचा धरला आहे. शिधावाटपाच्या दुकानात निळ्या रंगाच्या रॉकेलसाठी डबा घेऊन रांगेत उभे राहिलेल्यांना हे आकडे कुणी सांगितले नव्हते. पण त्या रॉकेलात पेट्रोल मिसळले असेल तर स्टोव्ह चुलीचे काम सोडून बाँबचे काम करू लागतो, हे पुष्कळ घरांनी अनुभवाने शिकून घेतले.

आणि पुढे पुढे तर 'स्टोव्हचा भडका उडून' हे शब्द वर्तमानपत्रात वाचले की मन चरकू लागले. मरणारी नेहमी घरातली सूनच कशी? सासू, नणंद, नवरा यांच्या हातून स्टोव्ह कधी कसा भडकत नाही? हा प्रश्न बायकांनी मोर्चे काढून विचारला, तेव्हा कुठे १९८३ साली सासरच्या छळाविरुद्ध आणि १९८६ साली हुंडाबळीविरुद्ध कायद्यात कलमे आली. बिचाऱ्या स्टोव्हच्या माथी माणसांनी आपली किती पापे मारली त्याला गणती नाही. असल्या बातम्या वाचताना मला आत्याचे वाक्य आठवे : "माझाच हात लागला." आमच्याकडचा अपघात खरोखरच अपघात होता. तरी त्याचा दोष अखेर घरातल्या एका बाईनेच उचलला होता.

वर्गात मी मुलांना सगळे नियम सांगत असे. दिवा पूर्ण थंड झाल्याखेरीज त्यात स्पिरिट भरू नका. दोन-तृतीयांशांपेक्षा जास्त भरू नका. एका दिव्याने दुसरा दिवा लावू नका. फुंकर न मारता टोपण घालून विझवा. आणि निम्म्या रिकाम्या बाटलीला भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त भ्या. हा शेवटचा नियम ऐकून मुले हसत. मी त्यांना हिशेब मांडून दाखवी. हवेत इथेनॉलची वाफ सुमारे ३.३ टक्क्यांपासून १९ टक्क्यांपर्यंत असली तरच ती पेट घेते. कमी असेल तर पुरत नाही, जास्त असेल तर हवा पुरत नाही. आता २५ अंशांच्या खोलीत बाटलीतल्या रिकाम्या जागेत वाफ किती जमते? सुमारे ८ टक्के. बरोबर मधोमध! पेट्रोलच्या डब्यात बहुधा वाफच इतकी दाटते की आत हवा पुरत नाही. स्पिरिटच्या बाटलीत मात्र आपल्याकडच्या हवामानात स्फोटाची सगळी सामग्री मोजून भरलेली असते. धारेवरून ज्योत आत शिरली की तो लोळ उरलेले स्पिरिट बरोबर घेऊन बाहेर येतो, आणि समोर जो कोणी असेल त्याच्या अंगावर जातो.

"सर, तुम्ही पाहिलंय का असं होताना?" एकदा एका मुलाने विचारले होते.

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.

छत्तीस वर्षांत मला तो प्रश्न एकदाच विचारला गेला, आणि मी असे उत्तर दिले.

इथेनॉलने माझा पिच्छा काही सोडला नाही. मळीपासून मद्यार्क काढायचा आणि तो पेट्रोलमध्ये मिसळायचा, हा प्रयोग सरकारने २००१ साली देशात तीन ठिकाणी करून पाहिला. त्यांतले एक उत्तर प्रदेशात, दुसरे मनमाड आणि तिसरे आमची मिरज! साखर काढून उरलेली काळी, चिकट मळी पूर्वी कारखान्यांना डोकेदुखी वाटे. तिच्यात किण्व सोडले, आंबवली, ऊर्ध्वपातन केले की एका टनामागे सव्वादोनशे लिटरांच्या आसपास मद्यार्क मिळतो. २००३ साली काही राज्यांत ५ टक्क्यांनी सुरुवात झाली, २०२२ साली १० टक्के झाले आणि २०२५ साली २० टक्क्यांचे पेट्रोल देशभर पोहोचले. लिटरामागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलच्या दोन-तृतीयांश. त्यामुळे गाडी थोडी कमी पळते, ही लोकांची तक्रार खोटी नाही. टाकीत पाणी शिरले तर ते इथेनॉलला आपल्याकडे ओढून घेते आणि खाली बसते, हेही खरे. आग विझवणाऱ्यांनाही हे नवे मिश्रण शिकून घ्यावे लागते, कारण पेट्रोलवर चालणारा साधा फेस मद्यार्क खाऊन टाकतो. त्यासाठी निराळा फेस लागतो.

फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेचे काम मला फार आवडते. तिथे अनिल राजवंशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातल्या घरांसाठी इथेनॉलचा स्टोव्ह केला, तो निम्मे पाणी असलेल्या मद्यार्कावर चालणारा. पाण्यामुळे मद्यार्काचा उतावळेपणा कमी होतो. रॉकेलच्या धुराने डोळे गमावत बसलेल्या बायकांचा विचार करताना त्यांच्या पदराचाही विचार कुणीतरी केला, याचे मला समाधान वाटले. आता उज्ज्वला योजनेने २०१६ पासून पुष्कळ घरांत गॅस गेला आहे, तरी विचार चांगला तो चांगलाच.

करोनाच्या साथीत तर स्पिरिट घरोघर, खिशाखिशांत आले. ५ एप्रिल २०२० च्या रात्री ९ वाजता सगळ्या देशाने दिवे लावायचे ठरले, तेव्हा दिवे लावण्याआधी हाताला सॅनिटायझर लावू नका, साबणाने हात धुवा, असे सरकारकडून बजावले गेले. ती सूचना वाचून मी कितीतरी वेळ आपल्या हातांकडे पाहत बसलो होतो.

आता गेल्या दिवाळीची गोष्ट. मी पुण्याला मुलाकडे असतो. पाडव्याच्या दिवशी कुणीतरी एक भेट आणून दिली. सिमेंटचे सुबक वाडगे, मध्ये पेला, पेल्यात इथेनॉल ओतायचे आणि टेबलावर शोभेची शेकोटी करायची. बरोबर एक बाटली. चार-साडेचारची वेळ, गॅलरीत पश्चिमेचे ऊन. सगळे चहा घेत बसले होते. चौदा वर्षांचा माझा नातू त्या वाडग्याशी खटपट करीत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "विझलं वाटतं." आणि त्याने बाटली उचलली.

मी कसा उठलो ते मला सांगता येणार नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचे गुडघे इतके चपळ असतात हे मलाही माहीत नव्हते. मी त्याच्या हातातून बाटली हिसकली आणि किंचाळलो. चहाचा कप फुटला. सूनबाई दचकून उभ्या राहिल्या. मुलगा म्हणाला, "बाबा, अहो काय हे?" नातवाचे डोळे भरून आले. सगळ्यांदेखत आजोबांनी आपल्यावर असे ओरडावे, हे त्याला फार लागले.

मी काही न बोलता कागदाची एक लांब सुरळी केली आणि वाडग्यावर धरली. कुठेच काही दिसत नव्हते. सुरळीचे टोक आपोआप तपकिरी झाले आणि भुर्रकन पेटले. गॅलरीत एकदम शांतता पसरली. मी पेल्यावर झाकण ठेवले. (अमेरिकेत ग्राहकांच्या सुरक्षिततेचे काम पाहणाऱ्या सरकारी आयोगाने २०२४ च्या डिसेंबरात अशा शेकोट्या वापरूच नका म्हणून लोकांना इशारा दिला आहे, तो याच कारणासाठी.)

मग मी त्याला जवळ बसवून आत्याची सगळी हकीकत सांगितली. ऊन, निम्मी बाटली, हौद, तिची दोन बोटे. मुलगा आणि सूनबाईही ऐकत होती. त्यांनी ती प्रथमच ऐकली. सांगून झाल्यावर नातवाने विचारले, "मग तुम्ही खरं कधी सांगितलंत?"

मी म्हणालो, "आज."

तो काही बोलला नाही. मुलांची न्यायबुद्धी फार कडक असते. आजोबा म्हणून तो मला माफ करील, पण त्या नऊ वर्षांच्या मुलाला त्याने माफ केले नाही, हे मला त्याच्या चेहऱ्यावर दिसले.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. ताई मिरजेलाच असते. आता प्रवास झेपत नाही, म्हणून फोनवरच ओवाळणी होते. नातवाला सांगितले ते ताईला न सांगणे मला बरे वाटेना. मी धीर करून म्हणालो, "ताई, त्या वर्षी आत्याचा हात भाजला ना, ते तिच्याकडून नव्हतं झालं. स्पिरिट मी ओतलं होतं."

फोनमधून थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ती म्हणाली, "अरे, ते सगळ्यांनाच माहीत होतं."

"सगळ्यांना?"

"तुझ्या भुवया जळल्या होत्या. पुढच्या केसांच्या गोळ्या झाल्या होत्या. त्याचा वास घरभर सुटला होता. आजीनंच तर रात्री कात्री घेऊन तुझे केस कापले. आठवत नाही तुला?"

मला आठवत नव्हते. अजूनही आठवत नाही.

"मग आजी आत्याला का बोलली?"

"मुलाला बोलण्यापेक्षा आत्याला बोलणं सोपं होतं रे," ताई म्हणाली. "आणि आत्यानं वाटच करून दिली होती."

१९८३ साली आत्या गेली. शेवटच्या आजारात मी तिच्या उशाशी आठ दिवस होतो. तो वळलेला हात माझ्या हातात घेऊन बसत असे. रोज ठरवत असे की आज बोलायचे. मला वाटे, गुपित माझे आणि तिचे आहे. आता कळते, गुपित असे काही नव्हतेच. एका बाईवर अन्याय झाल्याचे घरातल्या प्रत्येकाला माहीत होते आणि प्रत्येकाने आपापल्या सोयीने तोंड मिटून घेतले होते. वाफ दिसत नाही म्हणून ती नसते असे नाही, हे मी छत्तीस वर्षे मुलांना शिकवले. स्वतःच्या घराला मात्र तो नियम लावून पाहिला नाही.

वाचकहो, सणाच्या अंकात हे सगळे सांगितले म्हणून रागावू नका. तुमच्याही घरी या दिवसांत कढया तापतील, पणत्या लागतील, मुले फुलबाज्या उडवतील. कढईतल्या तेलाने पेट घेतला तर पाणी ओतू नका. गॅस बंद करा आणि ताट झाका. फुलबाज्या उडवताना मुलांच्या अंगात सुती कपडे असू द्या. नायलॉन जळता जळता वितळते आणि कातडीला चिकटते. भाजलेच, तर बांगड्या-अंगठ्या काढा आणि वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली हात धरा. शाई नको, तेल नको, दंतमंजन नको, बर्फही नको. आत्याला हे कुणी शिकवले नव्हते, तरी ती हौदाशीच गेली. आणि मुलाच्या हातून चूक झाली तर ती त्याला सांगू द्या. त्याच्या वतीने कुणा दुसऱ्याला बोलून मोकळे होऊ नका.

ती बाटली अजून माझ्याजवळ आहे. उंच फळीवर, देवघर आणि गॅस यांच्यापासून दूर, घट्ट बूच लावून ठेवली आहे. खिडकीच्या काचा पुसायला ती चांगली. परवा नातू फडक्यावर स्पिरिट घेऊन काचा पुसत होता. पुसण्याआधी त्याने देवघरात जाऊन समई विझलेली आहे ना, ते पाहून घेतले. मी सांगितले नव्हते. नुसती पाहून त्याचे समाधान झाले नाही. वातीवर हाताचा पालथा पंजा धरून, तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.